बाकी २ कुठून आली?

गेल्या अंकात या पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली होती. ती भरायला मी एक कोडं टाकलं: ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ की संयुक्त? २ चा ३२वा घात अधिक १, एवढीच तिची ओळख दिली होती. जागा भरायच्या कोड्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तेव्हा या खेपेला इतर प्रश्न बाजूला ठेवते आणि सगळं सदर हिलाच देते. मोठ्याने वाचायची झाली तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. एकदाच वाचा, पुढे लागणार नाही.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. तुमच्या संख्येला मी २ पासून ७०१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागलं. १२६ भागाकार झाले, सगळे हाताने. एकदाही बाकी शून्य आली नाही. मग राहवेना म्हणून नेटवर शोधलं, तर तिथे ६४१ ने निःशेष भाग जातो असं आहे. माझ्या वहीत ६४१ ला बाकी २ आली आहे. मी दोनदा तपासलं. पानांचे फोटो पाठवते. चूक माझी की त्यांची?

उत्तर : चूक तुझी, पण इतकी देखणी चूक मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. फोटो मोठा करून तुझ्याबरोबर एकेक पायरी उतरले.

पहिले चार अंक ४२९४. ६४१ सक ३८४६, बाकी ४४८. वरचा ९ खाली घेतलास, झाले ४४८९. ६४१ सत्ते ४४८७, बाकी २. मग ६ घेतलास, २६, भाग शून्य. ७ घेतलास, २६७, पुन्हा शून्य. (इथे भागाकारात दोन शून्यं न विसरता लिहिलीस, शाब्बास. निम्मे लोक इथेच घसरतात.) २ घेतलास, २६७२. ६४१ चोक २५६४, बाकी १०८. ९ घेतलास, १०८९, भाग एकदा, बाकी ४४८. इथवर सगळं चोख.

आता वर एकच अंक उरला आहे, शेवटचा ७. ४४८ पुढे ७ म्हणजे ४४८७, आणि ६४१ सत्ते बरोबर ४४८७. संपलं. पण तुझ्या वहीत त्या जागी ४४८९ आहे. कारण दिसतंय: हीच ४४८ बाकी तुला पहिल्याच पायरीला भेटली होती आणि तेव्हा तिच्यापुढे ९ आला होता. शिवाय नुकताच खाली घेतलेला अंकही ९ होता. ओळखीचं माणूस दिसलं की आपण नाव न विचारता बोलायला लागतो, तसा तुझा हात पुढे गेला. ४४८९ मधून ४४८७ गेले, बाकी २. दोनदा तपासलंस तेव्हाही तू मांडलेल्या आकड्यांची वजाबाकी तपासलीस, वरून कोणता अंक आला ते नाही. वजाबाकी बरोबरच होती.

आता तुझ्या १२६ भागाकारांसाठी दोन गोष्टी सांगते.

पहिली, नवाचा ताळा: अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची. ६४१ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. तुझा भागाकार ६७००४१७, त्याची बेरीज २५, म्हणजे ७. दोन सत्ते चौदा, म्हणजे ५. त्यात तुझी बाकी २ मिळव, झाले ७. मूळच्या मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. इकडे ७, तिकडे ५. ताळा बसत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असतं असं नाही, पण जुळला नाही तर चूक नक्की.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. ६४१ ला बाकी २ येणं शक्यच नव्हतं, आणि हे भागाकार न करता सांगता येतं. बाकी २ आली म्हणजे संख्येतून २ वजा केल्यावर भाग पूर्ण जायला हवा. २ वजा केले की उरतो २ चा ३२वा घात उणे १. हा वर्गांच्या फरकाचा नमुना आहे, तुला पाठ असलेला. फोडत गेलं की

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

हे पाचही अवयव मूळ आहेत. यांत ६४१ कुठे आहे? नाही. म्हणजे तुझ्या सगळ्या वहीत बाकी २ फक्त ३, ५, १७ आणि २५७ या चार ठिकाणी यायला हवी. मी पाहिलं, त्या चारही ठिकाणी ती आहे. पाचवी आली तेव्हाच वहीने तुला खूण केली होती.

आणि मी कोण मोठी लागून गेले? कॉलेजात असताना हाच उद्योग मी केला होता. ५७७ पर्यंत, म्हणजे १०६ भागाकार करून, ही मूळच असणार असं ठरवून वही मिटली. त्यानंतरची दहावी मूळ संख्या ६४१.

प्रश्न : गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये हा विभाजक शोधला असं वाचलं. ६५५३६ च्या आतल्या मूळ संख्या हजारोंनी आहेत. त्याने इतके भागाकार केले असतील का, की नशिबाने सापडला?

उत्तर : ६५५३६ च्या आत ६५४२ मूळ संख्या आहेत, आणि आपल्या संख्येचं वर्गमूळ ६५५३६ च्या जेमतेम पुढे आहे. तेव्हा मूळ आहे असं सिद्ध करायचं तर सरळमार्गाने ६५४२ भागाकार. ऑयलरला मात्र पाच पुरले असते. ते कसे, त्यातच या संख्येची सगळी गंमत आहे, म्हणून जरा पसरून सांगते.

आधी लहान भावंड घ्या: १७, म्हणजे २ चा चौथा घात अधिक १. २ चे घात ओळीने लिहा आणि प्रत्येकाला १७ ने भागून बाकी पाहा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. पुढे पुन्हा २, ४, ८. आठ पावलांचं चक्र. बरोबर मधोमध, चौथ्या पावलावर १६ आहे, म्हणजे भाजकापेक्षा एक कमी. तो एक कमी म्हणजे जणू उणे १. त्याचा वर्ग केला की १, म्हणून दुप्पट पावलांवर चक्र पूर्ण.

आता समजा, कुठल्या तरी मूळ संख्येने आपल्या मोठ्या संख्येला निःशेष भाग जातो. म्हणजे त्या भाजकाने भागताना २ च्या ३२व्या घाताची बाकी भाजकापेक्षा एक कमी, म्हणजे उणे १. ६४व्या घाताला बाकी १. तेव्हा चक्राची लांबी ६४ ला भागणारी हवी. ती ६४ पेक्षा कमी असती तर ३२, १६, ८ अशी काहीतरी असती, आणि मग ३२व्या पावलावरच १ आला असता. तो तर आलेला नाही. म्हणून चक्र बरोबर ६४ पावलांचं.

आणि इथे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचं छोटं प्रमेय येतं: भाजक मूळ आणि विषम असेल तर भाजकापेक्षा एक कमी इतक्या पावलांवर २ च्या घाताची बाकी १ येतेच. म्हणजे तितक्या पावलांत ६४ चं चक्र पुरं बसायला हवं. म्हणजे भाजकातून १ वजा केला की ६४ ने भाग जायला हवा.

संपला प्रश्न. ६५४२ उमेदवारांपैकी बहुतेक सगळे दारातच गळाले. ६४ च्या पटीत एक मिळवून बघा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या पाच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८, ०. पाचवा भागाकार, आणि मासा गळाला. (पुढे १८७८ मध्ये लुकासने दाखवलं की ६४ नव्हे, १२८ ची पट लागते. मग २५७ आणि ६४१ एवढ्या दोनच उरतात, आणि २५७ ला बाकी २ येते हे वरच्या पत्रात आलंच आहे.)

हाताने पडताळायचं असेल तर दहा अंकी भागाकारही नको. २ चा आठवा घात २५६. त्याचा वर्ग ६५५३६, ६४१ ने भागून बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६. आणि ६४१ ची ३७ पट २३७१७. एकच कमी. म्हणजे २ च्या ३२व्या घाताला एक कमी पडत होता आणि आपण तोच एक मिळवला आहे. मी हे वर्गात सांगायची तेव्हा २३७१७ लिहून झाल्यावर मुद्दाम गप्प बसायची. दोन-चार पोरांच्या तोंडून आपोआप ‘अरे!’ निघायचं.

आता खरी मेख. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुपटीत वाढवत नेला आणि येणाऱ्या घातात १ मिळवला की होतं आपल्या संख्येचं कूळ. त्यातली प्रत्येक संख्या मूळ असते, असं फर्माला वाटत होतं. १६४० मध्ये फ्रेनिकल या दुसऱ्या गणितज्ञाला त्याने तसं लिहिलं. सिद्धता आपल्याकडे नाही हेही त्याने कबूल केलं. ३, ५, १७, २५७, ६५५३७ इथपर्यंत तो बरोबरच होता. आणि छोटं प्रमेय? तेही त्याच फर्माचं, त्याच १६४० सालचं, त्याच फ्रेनिकलला लिहिलेलं. किल्ली खिशात होती, कुलूप समोर होतं, आणि पाच भागाकार तेवढे राहून गेले. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्राच्या तळाशी ऑयलरला विचारलं, फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का? १७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या ऑयलरने ६४१ पुढे ठेवला. विभाजक असेच का असतात हे त्याने नंतरच्या एका लेखात मांडलं.

प्रश्न : भागाकार न करता ६४१ ची सिद्धता पाठवतो. ६४१ = ६४० + १, आणि ६४१ = ६२५ + १६. एवढ्यावरून होते. छापाल का?

उत्तर : छापते, थोडी माझ्या पद्धतीने. २ चा ३२वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८वा घात. तुमच्या दुसऱ्या ओळीवरून १६ च्या जागी ६४१ − ६२५ लिहा. ६२५ म्हणजे ५ चा चौथा घात आणि २ चा २८वा घात म्हणजे १२८ चा चौथा घात. दोघांचा गुणाकार ६४० चा चौथा घात. तेव्हा आपली संख्या म्हणजे ६४१ गुणिले २ चा २८वा घात, त्यातून (६४० चा चौथा घात − १) वजा. कंसात पुन्हा वर्गांचा फरक: ६३९ × ६४१ × ४०९६०१. दोन्हीकडे ६४१. भागाकारही आपोआप हाती येतो:

२६८४३५४५६ − ६३९ × ४०९६०१ = २६८४३५४५६ − २६१७३५०३९ = ६७००४१७

सुबक आहे. पण माझी एक तक्रार आहे, तुमच्यावर नव्हे, या सिद्धतेवर. चोर हाती लागल्यावर पायांचे ठसे जुळवून दाखवावेत तशी ती आहे. ६४१ माहीत असल्याशिवाय ६२५ + १६ कुणाला सुचेल? ६४ च्या पटीची वाट रुक्ष असेल, पण ती चोरापर्यंत नेते.

प्रश्न : ६७००४१७ मूळ आहे हे कशावरून? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं का?

उत्तर : नको. ६७००४१७ ला जो भागेल तो मोठ्या संख्येलाही भागेल, म्हणून त्याच्यावरही १२८ ची अट लागू. २५८८ च्या आत १२८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद. उरलेल्या चारींच्या बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. शून्य एकही नाही. म्हणून मूळ. चार भागाकार, चहा थंड व्हायच्या आत.

प्रश्न : मी या संख्येला दोन वर्गांच्या बेरजेत मांडू पाहत होतो. ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग हे उघडच आहे. प्रोग्रॅम चालवल्यावर आणखी एक जोडी सापडली: ६२२६४ आणि २०४४९. याला काही अर्थ आहे का?

उत्तर : तुम्ही सोनं उकरून काढलंय आणि विचारताय की पिवळं काय आहे म्हणून!

४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते. दोन प्रकारे मांडता आली तर ती मूळ नाही. म्हणजे तुमच्या दुसऱ्या जोडीने, भागाकाराचा विषयही न काढता, संख्या संयुक्त ठरवली. एवढ्यावर थांबू नका. त्या दोन जोड्यांतून अवयवही बाहेर येतात.

विषम विषमाशेजारी आणि सम समाशेजारी ठेवा. समांची वजाबाकी ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, विषमांची २०४४९ − १ = २०४४८. या दोघांचा मसावि ८. आता बेरजा: १२७८०० आणि २०४५०. त्यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा, ४ आणि २५. ४ चा वर्ग १६, २५ चा वर्ग ६२५. बेरीज ६४१.

दुसरा अवयवही तिथेच पडलेला आहे. ३२७२ ला ८ ने भागा, ४०९. २०४४८ ला ८ ने भागा, २५५६. ४०९ चा वर्ग १६७२८१, २५५६ चा वर्ग ६५३३१३६, बेरीज ६७००४१७. हे पहिल्यांदा करून पाहिलं त्या दिवशी मी पुढचं काहीच काम केलं नाही. आणि वरच्या पत्रातले ६२५ आणि १६ इथे कसे उगवले ते पाहिलंत ना? तिथे ते चौथे घात म्हणून आले होते, इथे वर्ग म्हणून.

जाता जाता: २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे. यामागे काही कारण असेल म्हणून कुणी हात धुऊन मागे लागू नये, मी लागून पाहिलं आहे.

प्रश्न : मूळ संख्या ओळखायचा माझा प्रोग्रॅम २ च्या घाताची परीक्षा घेतो: २ चा (संख्या − १)वा घात, त्या संख्येने भागून बाकी १ आली तर मूळ. तुमच्या संख्येला तो ‘मूळ’ म्हणतो. प्रोग्रॅम चुकला की परीक्षा?

उत्तर : प्रोग्रॅम ठीक आहे, साक्षीदार चुकीचा निवडलात. संख्या बनली आहे २ च्याच घातापासून, आणि साक्ष तुम्ही २ ची काढली. घरचंच माणूस, ते कशाला विरुद्ध बोलेल? २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १, ६४व्याची १. परीक्षेतला घातांक २ चा ३२वा घात, तो ६४ च्या पटीत आहेच. बाकी १ येणारच. या कुळातल्या सगळ्या संख्या ही परीक्षा पास होतात, मूळ असोत वा नसोत.

२ च्या जागी ३ घ्या. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, प्रत्येक वेळी भागून बाकी ठेवत ३२ वेळा. शेवटी १ येत नाही, ३०२९०२६१६० येतो. खेळ खलास. या कुळासाठी ३ ची पक्की परीक्षा पेपँने १८७७ मध्ये दिली. तिच्यात ३१व्या वर्गानंतरच पाहायचं: बाकी उणे १ आली तर मूळ, नाहीतर संयुक्त. ‘बहुतेक’ वगैरे भानगड नाही. अर्थात संयुक्त आहे एवढंच कळतं, अवयव कोणते ते ती सांगत नाही. अंगाला ताप आहे हे कळलं, कशाचा ते नाही.

प्रश्न : कंपास आणि पट्टीने इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज काढता येईल का?

उत्तर : नाही. गाऊसने १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षं पुरी व्हायच्या आत, सतरा बाजूंचा काढता येतो हे दाखवलं. कोणते येतात आणि कोणते नाहीत याचा निकाल १८३७ मध्ये वान्त्झेलने पुरा केला: बाजूंच्या संख्येतले विषम मूळ अवयव याच कुळातले हवेत आणि प्रत्येक फार तर एकदा. ६४१ या कुळातला नाही, म्हणून हा बाद. मात्र दोन बाजू कमी करा, ४२९४९६७२९५. ३, ५, १७, २५७, ६५५३७, प्रत्येक एकदाच. चालतो! विषम बाजूंचा याहून मोठा, काढता येणारा बहुभुज आजवर कुणाला माहीत नाही. एक बाजू कमी केली तर नुसता २ चा घात, कोन दुभागत जा, तोही चालतो. शेवटी ९५, ९६ दोन्ही जमतात आणि ९७ ला गाडी अडते. काढलेला पाहाल तर तिघंही वर्तुळच दिसतील म्हणा.

प्रश्न : कॉम्प्युटरमध्ये ही संख्या साठवायला गेलो तर १ छापून येतो.

उत्तर : तुमच्या प्रोग्रॅमने तिला ३२ बिटांची, बिनचिन्हाची जागा दिली आहे. तिथे ० पासून ४२९४९६७२९५ पर्यंत मावतं, पुढे मीटर पुन्हा शून्यावर येतो. ४२९४९६७२९६ ला शून्य, आपल्या संख्येला १. ६४ बिटांची जागा द्या.

प्रश्न : या संख्येचा भाग्यांक काय?

उत्तर : अंकांची बेरीज ५९. ती मूळ संख्या आहे. याहून जास्त मला कळत नाही.

प्रश्न : हे अवयव कुणी मनातल्या मनात काढले आहेत का?

उत्तर : अमेरिकेतला झेरा कोलबर्न हा १८०४ मध्ये जन्मलेला मुलगा. १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये त्याची तोंडी हिशेबाची प्रात्यक्षिकं व्हायची. त्याला ही संख्या दिली आणि त्याने ६४१ आणि ६७००४१७ हे दोन्ही अवयव तोंडी सांगितले, अशी नोंद आहे. वय आठ. हे वाचून दहावीतल्या आपल्या मैत्रिणीने वाईट वाटून घेऊ नये. १२६ भागाकार हाताने करणारी माणसंही फार नसतात.

प्रश्न : ६५५३७ नंतर या कुळात आणखी मूळ संख्या सापडल्या का?

उत्तर : एकही नाही. ३ ला शून्यावी धरून मोजलं तर आपली पाचवी. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्त आहेत हे माहीत आहे. सहावीचे अवयव छापून यायला १८८० उजाडलं. लँड्रीने वयाच्या ८२व्या वर्षी ती फोडली: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. तिथे उमेदवार २५६ च्या पटीत एक मिळवून येतात, आणि २७४१७७ हा त्यांतला १०७१वा. आपल्या संख्येत १२८ च्या पटीतला पाचवाच लागला होता. त्या मानाने आपली फारच सोशिक निघाली. विसावी आणि चोविसावी संयुक्त आहेत हे ठाऊक आहे, पण त्यांचा एकही विभाजक हाती नाही. तेहेतिसावीत अडीच अब्जांहून जास्त अंक आहेत. ती मूळ की संयुक्त, हे आजही कुणाला माहीत नाही.

या वेळीही तळाला थोडी जागा उरली आहे. १ ला ६४१ ने भागा आणि दशांशचिन्हापुढचे ३२ अंक लिहा. पहिले सोळा एका ओळीत, पुढचे सोळा त्यांच्या खाली. बेरीज करा. जे दिसेल ते का दिसतं हे सांगायचं आहे. ६२५ + १६ हाताशी ठेवा. उत्तर वहीच्या पानाच्या फोटोसकट पाठवा, आणि अंक खाली घेताना वर एकदा बघा.